आयबी-केंब्रिज शाळेत गणित शिकवते. वर्षाला एकाच प्रशिक्षणाचा खर्च मिळणार, कुठलं घेऊ?

अस्नोडेकर_टीचर

नमस्कार. गोव्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत गणित शिकवणारे कोणी इथे असतील तर मला त्यांचा सल्ला हवा आहे.

मी गोवा विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. केलं, मग बी.एड. त्यानंतर बार्देशातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये आणि पुढे हायर सेकंडरीत गोवा बोर्डाचं गणित शिकवलं. यंदाच्या सत्रापासून उत्तर गोव्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत रुजू झाले. नववी-दहावीला केंब्रिजचं आयजीसीएसई आणि अकरावीला आयबीच्या डीपीचं, म्हणजे डिप्लोमा प्रोग्रॅमचं, ‘ॲनालिसिस अँड अप्रोचेस’ हे गणित, स्टँडर्ड लेव्हल. वर्गात मुलं थोडी, पण प्रत्येकाची आधीची शाळा वेगळी. एक जण मॉस्कोत शिकून आलाय, दोघी गुरगावहून, एक पुण्याची, एकीचा आतापर्यंतचा अभ्यास घरीच झालाय, आणि एक आपली चोडण बेटावरची.

विषयाचं मला दडपण नाही. बारावीला बोर्डाचं कॅल्क्युलस भरपूर शिकवलंय. अडतं ते दुसऱ्याच जागी. आयए म्हणजे मुलांनी स्वतः विषय निवडून लिहायचं बारा ते वीस पानांचं ‘एक्सप्लोरेशन’. अंतिम निकालात त्याचे २० टक्के. ते आधी मी तपासायचं आणि मग बाहेरचा मॉडरेटर माझं तपासणं तपासणार. ग्राफिक कॅल्क्युलेटरवरही माझा हात अजून बसलेला नाही.

शाळेने सांगितलंय की या वर्षी एका प्रशिक्षणाचा खर्च उचलू. माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: आयबीची कॅटेगरी १ ची ऑनलाइन कार्यशाळा, केंब्रिजचं अध्यापनाचं सर्टिफिकेट, नाहीतर मुंबईला एका हॉटेलात होणारं दोन दिवसांचं शिबिर. आधीच्या नोकरीत प्रशिक्षणं पुष्कळ केली. सभागृह, प्रोजेक्टर, दुपारचं जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र. सोमवारी वर्गात उभी राहिले की मी शुक्रवारी जशी शिकवायचे तशीच शिकवायचे. म्हणून विचारते: कुठल्या प्रशिक्षणाने तुमचं शिकवणं खरोखर बदललं?

---

फोंडा_पणजी_फोंडा

टीचर, स्वागत. मी बरीच वर्षं डीपी आणि आयजीसीएसई दोन्ही शिकवतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅटेगरी १ कराच. पण ती तुमची वर्षाची एकमेव निवड म्हणून मोजू देऊ नका. आयबीची मान्यता मिळवताना आणि टिकवताना शाळेला शिक्षकांचं प्रशिक्षण दाखवावंच लागतं; नव्या शिक्षकासाठी कॅटेगरी १ हा त्याचाच भाग. कोऑर्डिनेटरशी नीट बोला. कदाचित तो खर्च वेगळ्या खात्यातून होईल आणि तुमच्या हातात आणखी एक संधी राहील. त्या कार्यशाळेत आयबीचं गाइड, म्हणजे विषयाची अधिकृत पुस्तिका, कशी वाचायची, आयएचे पाच निकष काय, पेपरांची रचना कशी, हे सगळं कळतं. शिकवणारेही बहुतेक आपल्यासारखे वर्गात उभे राहणारे शिक्षकच असतात.

मुंबईचं शिबिर मात्र सोडा. कार्यक्रमपत्रिका मागवून बघा. त्यात गणिताचा एकही प्रश्न छापलेला नसेल, तर तिथून गणिताच्या शिक्षकाने काही घेऊन येण्याची शक्यता कमीच.

माझं ठाम मत असं की गणिताच्या शिक्षकाला दोन गोष्टी घडवतात. एक, स्वतः गणित करत राहणं. दुसरी, आपल्या मुलांनी लिहिलेले कागद दुसऱ्या गणित शिक्षकाशेजारी बसून वाचणं. बाकी सगळं यांच्या आधाराने उभं राहतं. दुसरी गोष्ट आंतरराष्ट्रीय शाळांत फार अवघड होते, कारण अख्ख्या डीपीला गणिताचे शिक्षक एक किंवा दोन. त्यातला एक दोन वर्षांनी दुबईला जातो. बोर्डाच्या शाळेत स्टाफरूममध्ये तीन-चार गणितवाले असायचे, तसं इथे नाही. म्हणून आम्ही वेगवेगळ्या शाळांचे काही जण मिळून अधूनमधून शनिवारी म्हापशात बसतो. तिथे काय होतं ते एका उदाहरणाने सांगतो.

एका बैठकीला एकच प्रश्न घेतला होता. साइन २एक्स = साइन एक्स सोडवा, एक्स शून्यापासून २ पायपर्यंत, दोन्ही टोकं धरून. सोबत चार मुलांच्या उत्तरांच्या झेरॉक्स, नावं झाकलेली. पहिल्या मुलीने साइन २एक्सच्या जागी २ साइन एक्स कॉस एक्स घातलं, दोन्ही बाजूंना साइन एक्सने भागलं, कॉस एक्स = १/२ काढलं आणि पाय/३, ५ पाय/३ अशी दोन उत्तरं लिहून खाली रेघ मारली. अक्षर सुंदर, एक खाडाखोड नाही, आणि ०, पाय, २ पाय ही तीन उत्तरं गेली. दुसऱ्याने कॅल्क्युलेटरवर दोन्ही आलेख काढून पाचही छेदबिंदू शोधले, पण लिहिले दशांशात: ०, १.०५, ३.१४, ५.२४, ६.२८. तिसऱ्याने व्यवस्थित अवयव पाडले, साइन एक्स (२ कॉस एक्स − १) = ०, पाचही उत्तरं मिळवली, पण अंशांत. चौथीने ० आणि पाय घालून बघितलं, समीकरण जुळलं, ती तिथेच थांबली.

आधी सगळ्यांनी न बोलता ६ पैकी गुण दिले. पहिल्या मुलीला एकाने २ दिले, दुसऱ्याने ४. ज्यांनी २ दिले त्यांचं म्हणणं, शून्य असू शकणाऱ्या राशीने भागलं, म्हणजे पायाच कच्चा. ज्यांनी ४ दिले ते म्हणाले, सूत्र बरोबर वापरल्याचा पद्धतीचा गुण मिळायलाच हवा, जी दोन उत्तरं आली ती खरी आहेत त्यांचेही मिळायला हवेत, जे लिहिलंच नाही तेवढेच कापा. आयबीच्या मार्किंग स्कीमची चाल दुसऱ्या बाजूची आहे. पद्धतीचे आणि अचूकतेचे गुण वेगळे दाखवलेले असतात, आणि मागच्या चुकीची शिक्षा पुढच्या पायरीला पुन्हा होऊ नये याची काळजी घेतात. आपण बोर्डातून आलेले लोक ‘चूक दिसली, तिथून खाली लाल रेघ’ या सवयीचे असतो. ती सवय नुसतं गाइड वाचून जात नाही. शेजारच्याने त्याच कागदाला दुप्पट गुण दिलेले बघितले की हलायला लागते.

पण गुण हा निम्माच भाग. खरा वेळ गेला तो पुढच्या प्रश्नावर: उद्या वर्गात या मुलीला काय विचारायचं? एक टीचर म्हणाल्या, ‘एक्सच्या जागी पाय घालून बघ’ एवढंच म्हणा. दुसरे म्हणाले, सोडवायच्या आधी दोन्ही आलेखांची कच्ची आकृती काढून किती उत्तरं येणार ते मोजायला लावा. तिसऱ्याचं म्हणणं, आधी एक्स वर्ग = ५एक्स द्या, तिथे हीच चूक डोळ्यांना दिसते. वरवर तिन्ही सारखंच वाटतं, पण पहिल्याने तिला कळतं की उत्तर हरवलंय, दुसऱ्याने पुढे न हरवण्याची सवय लागते, तिसऱ्याने ते का हरवतं ते कळतं. कुठल्या मुलाला कुठलं द्यायचं हे ठरवता येणं, यालाच मी आपलं कसब म्हणतो. ली शुलमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८६ साली हेच मांडलं होतं: विषयाचं ज्ञान एक, शिकवण्याचं सर्वसाधारण तंत्र दुसरं, आणि हा विषय मुलाला नेमका कुठे अडतो, तिथे काय पुढे करायचं, हे ज्ञान तिसरं. हॉटेलातल्या शिबिरांत बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रकारावर दिवस जातो.

त्या बैठकीनंतर मी आकृतीचा मार्ग वर्गात आणला. आता माझी मुलं त्रिकोणमितीचं समीकरण दिसलं की आधी पेन्सिलीने दोन वक्र काढतात आणि कोपऱ्यात ‘५’ असं लिहून मगच सोडवायला घेतात.

फुकट मिळणारं साहित्यही आधी खणून काढा. आयबीच्या प्रोग्रॅम रिसोर्स सेंटरवर शिक्षकांसाठीचं सहायक साहित्य आहे. त्यात मुलांनी खरोखर लिहिलेली एक्सप्लोरेशन्स दिलेले गुण आणि शेऱ्यांसकट मिळतात. परीक्षेनंतरचे विषय-अहवालही तिथेच. केंब्रिजच्या स्कूल सपोर्ट हबवर परीक्षकांचे अहवाल आणि गुण दिलेली नमुना उत्तरं आहेत. कोऑर्डिनेटरकडून दोन्हींचे लॉगिन आजच मागून घ्या.

---

पर्वरीची_गणितवाली

सरांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी एकच भर घालते: दोन-तीन वर्षं डीपी शिकवून झालं की परीक्षक म्हणून अर्ज करा. माझं शिकवणं सर्वांत जास्त त्याने बदललं, आणि त्यात शाळेचा खर्च नाही, उलट मानधन मिळतं.

काम कसं चालतं ते सांगते. उत्तरपत्रिका स्क्रीनवर येतात. आधी सरावाच्या प्रती, मग पात्रतेच्या; त्यांचे गुण वरिष्ठांनी आधीच ठरवलेले असतात आणि तुमचे गुण त्यांच्याशी जुळले तरच पुढे जायला मिळतं. प्रत्यक्ष तपासणी सुरू झाल्यावरही मधे मधे अशा आधीच तपासलेल्या प्रती मिसळून येतात. कुठली ती तुम्हाला कळत नाही. त्यांत फार फरक पडला की तुमचं तपासणं थांबवतात. त्यामुळे मूड, थकवा, अक्षराची आवड यातलं काहीच गुणांत शिरू द्यायचं नाही ही शिस्त अंगात भिनते. मे महिना मात्र पूर्ण जातो, घरच्यांना आधी सांगून ठेवावं लागतं. आणि तिथलं काही बाहेर बोलायचं नाही, तो करार असतो.

तोवर कॅल्क्युलेटरचं म्हणाल तर वेगळ्या कोर्सची गरज नाही. शाळेचं जे मॉडेल असेल ते आठवडाभर घरी न्या आणि दुसऱ्या पेपरचा एक जुना संच फक्त त्याच्यावर सोडवा. घड्याळ लावून. जिओजेब्रा हे आलेख काढायचं सॉफ्टवेअर तर फुकटच आहे. फळ्यावर दाखवायला तेच वापरा, पण मुलांसमोर त्यांच्या हातातलं यंत्रही चालवता आलं पाहिजे.

---

वाळपईकर

मी सत्तरी तालुक्यात सरकारी हायस्कूलला आहे, बोर्डाचं गणित. हा धागा वाचून राहवलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते तास आम्ही भरतोच. पण वर सांगितलंय तसं मुलांचे कागद पुढ्यात घेऊन बसणं माझ्या वाट्याला क्वचित आलं. तुमच्या म्हापशाच्या बैठकीला बोर्डाच्या शिक्षकाला यायची मुभा आहे का? आमच्या मुलांच्या हातात कॅल्क्युलेटर नसतो, त्यामुळे अपूर्णांक, करणी, अवयव यांत ती कुठे कुठे घसरतात याचा माझ्याकडे साठा आहे. तो तुमच्या उपयोगाचा असेल तर आणतो.

---

फोंडा_पणजी_फोंडा

वाळपईकर सर, मुभा कसली, तुम्ही या. तुमच्याकडे जे आहे तेच आम्हाला हवंय. केंब्रिजच्या आयजीसीएसई गणितात, म्हणजे विषय क्रमांक ०५८० मध्ये, २०२५ च्या परीक्षेपासून एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आलाय. मुलांना सहावीपासून यंत्राची सवय. ३/४ भागिले २/५ हातानं करायची वेळ आली की थबकतात. हे शिकवण्याचा अनुभव आमच्या शाळांतल्या तरुण शिक्षकांना नाही. तुम्हाला आहे.

---

अस्नोडेकर_टीचर

सगळ्यांचे मनापासून आभार. कोऑर्डिनेटरशी बोलले. कॅटेगरी १ शाळेच्या खात्यातून होणार, तेव्हा तो प्रश्न सुटला.

आता दोन अडचणी. एक, शाळा यासाठी पिरियड मोकळे देणार नाही. दुसरी आयएची. माझ्या चोडणच्या मुलीला भरती-ओहोटीवर लिहायचंय. कोऑर्डिनेटर म्हणतात हा विषय घासून गुळगुळीत झालाय, इंटरनेटवर अशी ढिगाने मिळतात, दुसरा शोधायला सांग. मुलगी हिरमुसली आहे. तिच्या घरच्यांचं खाजन, म्हणजे खाडीकाठचं बांध घातलेलं, शेत आहे, मानशीचं (बांधातल्या पाण्याच्या वाटेचं) दार कधी उघडायचं नि कधी लावायचं हे ती लहानपणापासून बघत आलीय. मी काय सांगू तिला?

---

फोंडा_पणजी_फोंडा

तिला तोच विषय द्या. कोऑर्डिनेटरांची काळजी खरी आहे, कारण इंटरनेटवरची बहुतेक मुलं भरतीच्या आकड्यांवर एक साइन वक्र बसवतात, ‘छान जुळला’ असं लिहितात आणि थांबतात. गणित तिथून पुढे सुरू होतं.

मुरगाव बंदराची भरतीची कोष्टकं घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग ती छापतो. आपल्याकडे दिवसाला दोन भरत्या येतात, पण दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात. चंद्रामुळे येणारा मुख्य घटक सुमारे १२.४२ तासांचा. तेवढाच एक वक्र बसवला तर सगळ्या भरत्या एकाच उंचीच्या येतील, म्हणजे तो जुळणारच नाही. मुलीला म्हणा, प्रत्यक्ष उंचीतून वक्राची उंची वजा कर आणि उरलेल्याचा आलेख काढ. त्यात दिवसाला साधारण एकदा वर-खाली होणारी लाट दिसेल. तो दुसरा घटक, साधारण २३.९३ तासांचा. दोन्हींची बेरीज केली की असमान भरत्या दिसायला लागतात. पुढे पंधरवड्याचे आकडे घेतले तर सूर्याचा बरोबर १२ तासांचा घटक घालावा लागतो. १२ आणि १२.४२ तासांच्या दोन लाटा एकमेकींशी कधी जुळतात ते काढलं तर ३५५ तास येतात, म्हणजे पावणेपंधरा दिवस. उधाणाची भरती आणि भांगाची भरती तिच्या कागदावर गणितातून उतरेल. हे सगळं स्टँडर्ड लेव्हलच्या आवाक्यात आहे. शिवाय मुरगावचं कोष्टक आणि चोडणच्या मानशीवरची प्रत्यक्ष वेळ यांत फरक पडणार, कारण पाणी मांडवीतून वर चढायला वेळ लागतो. तो फरक तिने स्वतः काठी रोवून मोजला तर ‘पर्सनल एंगेजमेंट’चे, म्हणजे वैयक्तिक सहभागाचे, ३ गुण कोणाला ओढून-ताणून द्यावे लागणार नाहीत.

आता महत्त्वाचं. मुलीला हे सांगायच्या आधी तुम्ही स्वतः करा. एक छोटं एक्सप्लोरेशन लिहा, सहा-सात पानांचं चालेल, आणि ते आमच्यापुढे ठेवा. आम्ही पाचही निकषांवर तपासू: मांडणीचे ४, गणिती भाषेचे ४, वैयक्तिक सहभागाचे ३, चिंतनाचे ३, गणिताच्या वापराचे ६. स्वतःच्या लिखाणाला ‘चिंतन’ या निकषात ३ पैकी १ का मिळाला हे समोरच्याने समजावून सांगितलं की मुलांना शेरा काय द्यायचा ते आपोआप कळतं. आमच्या गटातल्या प्रत्येकाने एकेकदा हे केलंय.

मोकळ्या पिरियडचं म्हणाल, तर सगळी शाळा मागू नका. दोन आठवड्यांतून एकदा एकच पिरियड मागा, ज्यात तुम्ही आणि खालच्या वर्गांचे गणित शिक्षक दोघेही मोकळे असाल. सुरुवातीलाच टाइमटेबलमध्ये घालून घेतला तर टिकतो. ‘जमेल तेव्हा बसू’ म्हटलं की सबस्टिट्यूशनमध्ये जातो. प्रिन्सिपलना कारण विचारलं तर सांगा की आयबीला शाळेत शिक्षकांनी मिळून नियोजन करणं अपेक्षितच आहे.

---

पर्वरीची_गणितवाली

टीचर, एक व्यवहारातली गोष्ट. डीपीच्या गाइडमध्ये स्टँडर्ड लेव्हलच्या १५० तासांपैकी ३० तास शोधक कौशल्यं आणि एक्सप्लोरेशनसाठी धरलेले आहेत. ते बारावीच्या सुरुवातीला एकदम काढू नका. अकरावीतच थोडे थोडे वापरा, एखादा छोटा डेटा देऊन ‘यातून काय विचारता येईल’ एवढंच विचारा. चोडणच्या मुलीचे आकडे सगळ्या वर्गाला द्या. मॉस्कोच्या मुलाला आणि गुरगावच्या मुलींनाही इथल्या नदीचं पाणी कसं चढतं ते कळेल.

---

अस्नोडेकर_टीचर

आज मुलीशी बोलले. ती संध्याकाळीच काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करायला बसली. मुरगावचं कोष्टक मी मागवलंय आणि माझं लिखाणही सुरू केलंय, पहिला वक्र बसवून झाला. उरलेल्यांचा आलेख काढलाय आणि दिवसाला एकदा येणारी लाट खरंच दिसते. पुढची बैठक कधी?

---

फोंडा_पणजी_फोंडा

चवथीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहाला, म्हापशात. जागा वैयक्तिक मेसेजवर कळवतो. टीचरांचं लिखाण पहिल्या तासाला घेऊ, वाळपईकर सरांचे अपूर्णांकाचे कागद दुसऱ्या तासाला. दोघांनीही सहा सहा झेरॉक्स आणा, आणि मुलांची नावं घरूनच झाकून या.

---

वाळपईकर

येतो. वाळपईहून सकाळची पहिली बस धरली की दहाच्या आत पोचेन. करणीचे पण आणू का? त्यात ९ अधिक १६ या बेरजेचं वर्गमूळ म्हणजे ३ अधिक ४ असं लिहिणारी निम्मी मुलं आहेत.

---

फोंडा_पणजी_फोंडा

आणा. आयजीसीएसईतही हेच लिहितात.